वर्डप्रेसचा डॅशबोर्ड पहिल्यांदा उघडल्यावर : सांगलीतल्या नव्या लिहित्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी विश्रामबागेतल्या आमच्या घरी कुणी ना कुणी लॅपटॉप किंवा नुसता फोन घेऊन येतं. कधी तासगावकडचे द्राक्षबागायतदार, कधी मिरजेतल्या सतार करणाऱ्या घरातली मुलगी, कधी निवृत्त ग्रामसेवक, कधी हौशी नाट्यमंडळातली पोरं. लिहिण्यासारखं प्रत्येकाकडे भरपूर असतं. गाडी अडते ती लॉगिन केल्यावर समोर येणाऱ्या त्या पहिल्या पानावर. प्रश्नही बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. सगळं वर्डप्रेसबद्दल, म्हणजे साइट तयार करून तिच्यावर लिहायच्या सॉफ्टवेअरबद्दल आहे, कारण आमच्याकडे येणारे जवळजवळ सगळे तेच वापरतात.

डॅशबोर्ड म्हणजे माझी साइटच का?

नाही. वाचकाला दिसते ती साइट. डॅशबोर्ड म्हणजे तिच्या मागची खोली, जिथे फक्त तुम्ही आणि तुम्ही परवानगी दिलेली माणसं जातात. नाटकातल्या पोरांना मी रंगपट म्हणून सांगते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या गावातल्या पोरांना यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. प्रेक्षकाला रंगमंच दिसतो. रंगरंगोटी, कपडेपट, कोण कधी येणार हे सगळं आत ठरतं.

आत जायचं तर साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोमन अक्षरांत ‘डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन’ टाइप करायचं. डाव्या हाताला काळ्या पट्टीत मेनू असतो : पोस्ट्स, मीडिया, पेजेस, कॉमेंट्स, अपीअरन्स, प्लगिन्स, युजर्स, टूल्स, सेटिंग्ज. वरच्या पट्टीत साइटचं नाव दिसतं. त्यावर क्लिक केलं की बाहेरची बाजू दिसते, पुन्हा क्लिक केलं की आत. पहिल्या दिवशी हे आतबाहेर दहा वेळा करा. भीती तिथेच निम्मी कमी होते.

वर्डप्रेस दोन प्रकारचं असतं म्हणतात. माझं कुठलं?

एका प्रकारात सगळी व्यवस्था ऑटोमॅटिक ही कंपनी बघते. फुकट खातं काढता येतं, पण पत्त्यात ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ येतं आणि फुकटच्या खात्यात प्लगिन, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे जोड-प्रोग्राम, टाकता येत नाहीत. दुसऱ्यात तुम्ही होस्टिंगची जागा, म्हणजे साइट ठेवायला इंटरनेटवरच्या संगणकावरची (सर्व्हरवरची) जागा भाड्याने घेता, डोमेन म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता विकत घेता आणि त्यावर वर्डप्रेस बसवता. सॉफ्टवेअर फुकटच असतं. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ च्या मे महिन्यात पहिली आवृत्ती सोडली, तेव्हापासून ते मुक्त आहे. नुसतं लिहून बघायचं असेल तर पहिला प्रकार पुरे. हे लिखाण पुढे वीस वर्षं राहावं असं मनात असेल तर मी दुसराच सुचवते. पुढची उत्तरं मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला धरून आहेत, मेनू दोन्हीकडे बराचसा सारखाच असतो.

ताई, मेनू मराठीत होईल का?

होईल. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ उघडा, ‘साइट लँग्वेज’मध्ये मराठी निवडा आणि पान खाली सरकवून बदल सेव्ह करा. सेव्ह करायला बरेच जण विसरतात. मंडळातल्या एकाला इंग्रजी आणि दुसऱ्याला मराठी हवं असेल तर प्रत्येकाने आपल्या प्रोफाइलमध्ये स्वतःची भाषा वेगळी ठेवावी. प्लगिनच्या पानांवर मात्र इंग्रजी शब्द मधूनमधून भेटत राहतील.

पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

रंग आणि डिझाइन सोडून द्या. ‘अपीअरन्स’मध्ये शिरलेला माणूस तीन-तीन आठवडे बाहेर येत नाही आणि साइटवर एक ओळ लिहिलेली नसते. पहिल्या दिवशी चारच गोष्टी पाहा.

एक, वेळ. ‘जनरल’मध्येच ‘टाइमझोन’ आहे. नव्या साइटवर बहुतेक वेळा तो जागतिक वेळेवर असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कवलापूरच्या एका काकांनी रोज सकाळी सहाला पोस्ट यावी असं लावलं होतं, ती यायची साडेअकराला. साइट बिघडली असं त्यांना वाटलं होतं. यादीतून कोलकाता निवडा, प्रश्न मिटतो.

दोन, पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाच्या पत्त्याची घडण. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘पर्मालिंक्स’ उघडा आणि ‘पोस्ट नेम’ निवडा. हे पहिल्याच दिवशी करायचं. पन्नास लेख झाल्यावर, लोकांनी त्यांच्या लिंका व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून झाल्यावर बदललं तर जुने पत्ते तुटू शकतात.

तीन, ‘सेटिंग्ज’मधल्या ‘रीडिंग’मध्ये तळाला एक चौकोन आहे : सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये अशी विनंती. साइट तयार होत असताना त्यावर खूण करून ठेवतात आणि नंतर काढायला विसरतात. लिखाण गुगलवर सापडत नाही अशी तक्रार आली की मी आधी हाच चौकोन बघते.

चार, ‘हॅलो वर्ल्ड’ नावाची पोस्ट आणि ‘सॅम्पल पेज’ ही दोन्ही वर्डप्रेसने नमुन्यादाखल टाकलेली असतात. उडवून टाका.

लेखाची लिंक पाठवली की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ का दिसते?

हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो आणि इंग्रजी मार्गदर्शकांत त्याचं उत्तर नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही शीर्षक मराठीत दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच लेखाचा पत्ता तयार करतं. पण पत्त्यात देवनागरी अक्षर थेट साठवलं जात नाही. एकेका चिन्हाचं रूपांतर टक्क्याच्या खुणा आणि रोमन अक्षरं-आकडे अशा नऊ अक्षरांत होतं. आणि या पत्त्यासाठी वर्डप्रेसने जागा ठेवली आहे २०० अक्षरांची. म्हणजे साधारण बावीस देवनागरी चिन्हं. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं धरली जातात.

आता ‘द्राक्षबागेतली डिसेंबरची सकाळ’ हे शीर्षक घ्या. ‘द्राक्षबागेतली’ या एका शब्दातच चौदा चिन्हं आहेत. पत्ता ‘डिसेंबरच’पर्यंत येऊन तुटतो, ‘ची’ची वेलांटीही मावत नाही आणि ‘सकाळ’ तर बाहेरच राहते. डिसेंबरवरचे तुमचे तीन लेख असतील तर तिन्हींचे पत्ते सारखेच होऊ पाहतात, मग वर्डप्रेस त्यांच्यापुढे दोन-तीन असे आकडे चिकटवतं.

उपाय सोपा आहे. लिहिताना उजव्या बाजूच्या पट्टीत ‘स्लग’ असा रकाना असतो, म्हणजे पत्त्यातला त्या लेखापुरता भाग. शीर्षक मराठीतच ठेवा, पण स्लगमध्ये रोमन लिपीत दोन-तीन शब्द हाताने लिहा आणि मधे आडवी रेघ द्या. हे पब्लिश करण्याआधी करा. राहून गेलं तर पोस्टच्या बाबतीत वर्डप्रेस जुना स्लग लक्षात ठेवून वाचकाला नव्या पत्त्यावर नेतं, तरी तशी वेळ न आणलेली बरी.

पोस्ट आणि पेज यांत फरक काय? दोन्ही तर सारखंच दिसतं.

लिहिताना सारखंच दिसतं, खरं आहे. पोस्टला तारीख चिकटलेली असते आणि नवी पोस्ट आली की जुनी खाली जाते. पेज आपल्या जागेवरून हलत नाही.

हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, त्यांतली बरीच २००५ च्या पुरात गेली. पेव कसं खणायचे, तोंड कसं बंद करायचे, हे लिहायचं असेल तर ते पेज. कुणीही कधीही आलं तरी ती माहिती तिथे हवी. आज मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात काय झालं ते पोस्ट. ‘माझ्याविषयी’ आणि ‘संपर्क’ हीसुद्धा पेजेस.

कॅटेगरी आणि टॅग किती ठेवू?

कॅटेगरी कमी, टॅग हवे तसे. कॅटेगरी म्हणजे वहीतले कप्पे, टॅग म्हणजे लेखाला चिकटवायच्या छोट्या चिठ्ठ्या. द्राक्षावर लिहिणाऱ्या एका दादांनी पंचेचाळीस कॅटेगऱ्या केल्या होत्या आणि त्यांतल्या तीसमध्ये एकेकच लेख होता. शेवटी आम्ही बसून पाच ठेवल्या : छाटणी, रोग आणि फवारणी, पाणी, बेदाणा, बाजार. बाकीचं सगळं, म्हणजे जातींची आणि गावांची नावं, टॅगमध्ये घातलं.

कॅटेगरी न निवडता पब्लिश केलं तर लेख ‘अनकॅटेगराइज्ड’मध्ये जाऊन पडतो. तो आपोआप वापरला जाणारा (डिफॉल्ट) कप्पा असेपर्यंत पुसता येत नाही, पण त्याचं नाव बदलता येतं. ‘संकीर्ण’ करून टाका.

डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर पेस्ट केला तर सगळं गिचमिड येतं.

तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये असणार. त्या पद्धतीत मुळात रोमन अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट गेला की रूप गेलं. वर्डप्रेसला युनिकोड लागतं, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत. फाइल देणाऱ्यालाच विचारा, त्यांच्याकडे बहुतेक रूपांतराची सोय असते. नाहीतर इंटरनेटवर फुकट कन्व्हर्टर मिळतात.

रूपांतर झाल्यावर मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ची जोडाक्षरं, पहिली वेलांटी इथे हमखास घोटाळा होतो. ‘दऱ्याखोऱ्या’ नीट आलं का तेवढं आधी पाहा.

लिहिताना लाइट गेली तर?

वर्डप्रेस साधारण दर मिनिटाला मजकूर आपोआप जतन करतं, ब्राउझरमध्येही एक प्रत ठेवत राहतं. पुन्हा उघडल्यावर जुनी प्रत परत आणायची का असं विचारलं तर आणा. शिवाय ‘रिव्हिजन्स’मध्ये लेखाच्या आधीच्या आवृत्त्या मिळतात. परवा काढून टाकलेला परिच्छेद आज परत हवासा वाटला तर तिथून घ्यायचा.

वेळ लावून ठेवलेली पोस्ट वेळेवर आलीच नाही. टाइमझोन तर बरोबर आहे.

वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. साइटवर कुणी आलं की ते त्या निमित्ताने बघतं, कुठली कामं करायची राहिलीत. नव्या साइटवर पहाटे कुणीच फिरकत नाही, मग सहाची पोस्ट पहिला वाचक येईपर्यंत तशीच थांबते. तुम्ही स्वतः साइट उघडलीत तरी काम होतं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाची पोस्ट सकाळीच जायला हवी असेल तर उठल्याबरोबर एकदा साइट उघडा. होस्टिंगवाल्याला सांगून खरं घड्याळही लावून घेता येतं, ते क्रॉन जॉब म्हटलं की ओळखतात.

फोटो टाकले की साइट फार हळू उघडते.

फोनचे फोटो चार हजार पिक्सेल रुंद आणि चार-पाच एमबींचे असतात. अडीच हजार पिक्सेलांहून मोठा फोटो वर्डप्रेस स्वतःच लहान करून वापरतं, पण मूळ फाइल सर्व्हरवर राहते आणि जागा खात राहते. टाकण्याआधीच दीड हजार पिक्सेलांपर्यंत लहान करा. लेखात वाचायला तेवढा पुष्कळ होतो.

‘ऑल्ट टेक्स्ट’ हा रकाना मोकळा सोडू नका. ज्यांना दिसत नाही त्यांचा फोन तो मजकूर वाचून दाखवतो. ‘फोटो १’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘आयर्विन पुलाखाली चढलेलं पाणी, काठावर उभी माणसं’ असं लिहिलं की ऐकणाऱ्याला चित्र दिसतं.

आमच्या नाट्यमंडळातले पाच जण लिहिणार. सगळ्यांना एकच पासवर्ड देऊ का?

अजिबात नाही. ‘युजर्स’मध्ये प्रत्येकाचं वेगळं खातं काढा आणि भूमिका ठरवून द्या. कॉन्ट्रिब्यूटर लिहू शकतो, पण पब्लिश करू शकत नाही आणि फोटोही चढवू शकत नाही. ऑथर स्वतःचं लिखाण पब्लिश करतो. एडिटर सगळ्यांचं बघतो, सुधारतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हातात सगळंच असतं, साइट पुसण्यापर्यंत. म्हणून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोन असावेत, पाच नकोत. एकही कमी नको, कारण एकाचा फोन हरवला तर दुसरा दार उघडू शकतो.

कुणी मंडळ सोडून गेलं आणि त्याचं खातं काढलं तर वर्डप्रेस विचारतं : याचं लिखाण पुसू, की दुसऱ्याच्या नावावर करू? इथे घाई करू नका. दुसरा पर्याय निवडा. पहिला निवडला तर त्या माणसाबरोबर त्याचे सगळे लेख जातात.

साइट दुसऱ्याने करून दिली आहे. मला फक्त लिहायचं खातं दिलंय. चालेल ना?

चालणार नाही. हे मी पोटतिडकीने सांगते आहे.

एका वाचनप्रेमी मंडळाची साइट होती. सहा वर्षांचं लिखाण, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही साइट करून देणाऱ्याच्या नावावर होतं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातंही त्याच्याकडेच. त्याने धंदा बदलला, फोन उचलेना, वर्षाची मुदत संपली आणि एक दिवस साइट नाहीशी झाली. मुलाखती दिलेल्यांपैकी काही जण तोवर वारले होते. मी बरीच धडपड केली, परत फार थोडं मिळालं.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी मागा. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर. होस्टिंगच्या खात्याचा पासवर्ड. आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर भूमिकेचं तुमचं स्वतःचं खातं. चांगला माणूस हे आनंदाने देतो. ‘जनरल’मधला अ‍ॅडमिन ईमेलही तुमचाच आहे का ते पाहा. तो पत्ता अजून बरोबर आहे का असं वर्डप्रेस दर सहा महिन्यांनी विचारतं, तेव्हा न वाचता पुढे जाऊ नका.

युजरनेम बदलता येतं का?

डॅशबोर्डमधून नाही. म्हणून सुरुवातीलाच ‘अ‍ॅडमिन’ सोडून दुसरं काहीतरी घ्या, चोर आधी तेच नाव वापरून बघतात. लेखावर दिसणारं नाव मात्र प्रोफाइलमधून हवं तेव्हा मराठीत करता येतं.

प्लगिन किती टाकू?

लागतील तेवढेच. बॅकअपचा एक, सुरक्षेचा एक, इथून सुरुवात करा. वर्षानुवर्षं अपडेट न झालेला प्लगिन घेऊ नका, आणि वापरत नसलेला नुसता बंद न ठेवता काढून टाका. अपडेटचा आकडा दिसला की दुर्लक्ष करू नका; फक्त अपडेटच्या आधी बॅकअप घ्या.

कॉमेंट्समध्ये परदेशी औषधांच्या जाहिराती येतात.

‘सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्कशन’मध्ये, प्रत्येक कॉमेंट तुमच्या मंजुरीनंतरच दिसेल अशी खूण करा.

चुकून पोस्ट उडवली!

‘ट्रॅश’मध्ये तीस दिवस राहते, तिथून परत आणा. मीडियातल्या फोटोंना मात्र ही सवलत नाही. फोटो पुसला की कायमचा गेला, आणि ज्या ज्या लेखात तो होता तिथे मोकळी चौकट उरते.

बॅकअप होस्टिंगवाला घेतोच की. मी वेगळा कशाला घेऊ?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागातल्या आमच्या जुन्या घरात शिरलं. वडिलांच्या वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर कागद होता, शाई नव्हती. माळ्यावर टाकलेल्या दोन वह्या तेवढ्या वाचल्या. सगळं एकाच ठिकाणी ठेवलं की काय होतं, हे सांगलीतल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. सर्व्हरलाही तोच नियम लागू आहे.

‘टूल्स’मध्ये ‘एक्स्पोर्ट’ आहे. ‘ऑल कंटेंट’ निवडून फाइल उतरवून घ्या. त्यात सगळे लेख, पेजेस, कॉमेंट्स येतात. पण फोटो येत नाहीत, फक्त ते कुठे आहेत याची नोंद येते. फोटोंसाठी बॅकअप प्लगिन लागतो किंवा होस्टिंगमधून अपलोड्सचा फोल्डर उतरवावा लागतो. महिन्यातून एकदा दोन्ही घ्या आणि एक प्रत घराबाहेर ठेवा. माझी एक प्रत जतला मावसभावाकडे पेन ड्राइव्हवर असते. तिकडे पाण्याची टंचाई असते, पूर येत नाही.

नुसत्या फोनवर जमेल का?

लिहिणं, फोटो टाकणं, कॉमेंट मंजूर करणं, सगळं जमतं. सेटिंग्ज मात्र पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर बसून करा.

वडिलांचं जुनं लिखाण टाकायचंय. त्यावर आजची तारीख येईल ना?

आपोआप आजचीच येते, पण बदलता येते. उजव्या पट्टीत ‘पब्लिश’ समोरच्या वेळेवर क्लिक केलं की कॅलेंडर उघडतं, त्यात मागचं साल टाकायचं. माळ्यावरच्या त्या दोन वह्या मी अशाच टाकते आहे. ज्या दिवशी वडिलांनी पान लिहिलं तीच तारीख, १९७८ पासूनची. पत्त्याची घडण ‘पोस्ट नेम’ असली की या तारखेचा लिंकवर काही परिणाम होत नाही. एवढंच ध्यानात ठेवा, की पब्लिश केल्यावर अशी पोस्ट पहिल्या पानावर दिसणार नाही. ती तारखेप्रमाणे यादीच्या अगदी तळाशी जाऊन बसते. हरवली असं समजून पुन्हा टाकू नका, शेवटच्या पानावर बघा.